लोकनायक अणे यांचे दप्तर विदर्भातही वाचता यावे

संपादक महोदय,

बिहारच्या मुख्यमंत्र्यांचे पाटण्यातील निवासस्थान ‘१, अणे मार्ग’ या पत्त्याने देशभर ओळखले जाते. तो रस्ता ज्यांच्या नावाचा, ते माधव श्रीहरी ऊर्फ लोकनायक बापूजी अणे १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपाल होते आणि मूळचे आपल्या वणीचे. यवतमाळात त्यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे, जयंतीला हारही पडतात; पण त्यांचा पत्रव्यवहार आणि राजकीय कागदपत्रे दिल्लीत, तीनमूर्ती भवनाच्या आवारातील पूर्वीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात आहेत. ती तेथे सुखरूप राहिली याबद्दल तक्रार नाही. (इकडे असती तर एव्हाना कसरीने खाल्ली असती किंवा रद्दीत गेली असती, हेही मान्य करायला हवे.) मात्र त्या कागदांच्या प्रती नागपूर आणि अमरावती येथील अभ्यासकांना हाताशी असाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

अणे हे पक्षात राहून आणि प्रसंगी पक्ष सोडून मतभेद नोंदवणारे राजकारणी होते. टिळकांच्या तालमीत वाढलेल्या या वऱ्हाडी वकिलाला असहकाराचा कायदेमंडळ-बहिष्कार पटला नाही आणि १९२६ च्या सुमारास ते जयकर, केळकर, मुंजे यांच्याबरोबर प्रतियोगी सहकाराच्या, म्हणजे कायदेमंडळात जाऊन सरकारशी प्रसंगानुसार सहकार्य किंवा विरोध करावा असे मानणाऱ्या गटात गेले. तरीही १० जुलै १९३० रोजी पुसदला जंगल सत्याग्रह, म्हणजे ब्रिटिशांचा जंगल कायदा मोडण्याचा सत्याग्रह, झाला तेव्हा विळा घेऊन गवत कापायला तेच पुढे होते. १९३३ मध्ये त्यांनी काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद सांभाळले आणि पुढच्याच वर्षी, जातीय निवाडा (धर्म व जातींनुसार वेगळे मतदारसंघ देणारा ब्रिटिश सरकारचा निर्णय) स्वीकारायचाही नाही आणि नाकारायचाही नाही या काँग्रेसच्या भूमिकेविरुद्ध मदनमोहन मालवीय यांच्यासह वेगळा पक्ष काढला. चरित्रकारांना अशा माणसाची अडचण होते, कारण तो कोणत्याच गटाच्या दिंडीत शेवटपर्यंत चालत नाही. अशा वेळी भाषणांपेक्षा पत्रे अधिक विश्वासाची असतात.

एकच प्रसंग सांगतो. ऑगस्ट १९४२ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला आणि त्यानंतर लष्कर व पोलिसांनी गावावर, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार केल्याचे आरोप झाले. अणे त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते, म्हणजे ज्या सरकारविरुद्ध आरोप होते त्याच सरकारात बसले होते. सेवाग्रामच्या गांधीजींच्या आश्रमातील प्रा. भन्साळी चौकशीची मागणी घेऊन थेट अणे यांच्या दिल्लीतील घरी गेले आणि तेथेच उपोषणाला बसले. त्यांना तेथून हलवण्यात आल्यावर ते उपोषण पुढे ६३ दिवसांवर गेले. स्वतःच्या मुलखाचे गाऱ्हाणे घेऊन आलेला माणूस दारात उपाशी बसलेला असताना अणे यांनी राजीनामा दिला नाही. तो त्यांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्याबरोबर दिला. मधल्या तीन महिन्यांत त्यांच्या मनात काय चालले होते, चिमूरहून आणि वऱ्हाडातून त्यांना कोण काय लिहीत होते, याचा शोध घ्यायचा तर त्यांच्या दप्तराशिवाय गत्यंतर नाही. अशी पत्रे चिमूर-वणीच्या शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने वाचली, तर पत्राखालच्या सहीतले आडनाव आणि मजकुरातला गावचा संदर्भ त्याला जसा उलगडेल तसा दिल्लीत बसलेल्या संशोधकाला उलगडणे कठीण.

अणे यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात स्वतंत्र विदर्भाचा पुरस्कार केला आणि १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभा जिंकली. ती मागणी आज कोणाला पटो वा न पटो, पण दोन्ही बाजू त्यांचे नाव घेऊन बोलतात आणि मूळ कागद क्वचितच कोणी पाहिलेला असतो.

संग्रहाबाबत आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. कोणाच्याही दप्तरात मुख्यतः त्याला आलेली पत्रे असतात. त्याने लिहिलेली पत्रे ज्याला लिहिली त्याच्या घरी राहतात. म्हणजे अणे यांची अर्धी बाजू वणी, यवतमाळ, अमरावती, अकोला येथील जुन्या वकिलांच्या आणि कार्यकर्त्यांच्या वारसांकडे, माळ्यावरच्या ट्रंकांत असण्याची शक्यता आहे. त्या कागदांना सरकारी कागदांसारखे कायद्याचे संरक्षण नाही. १९९३ चा केंद्राचा आणि २००५ चा महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम हे दोन्ही मुख्यतः सरकारी कागदांसाठी आहेत; खासगी कागद वारसांच्या मर्जीवर.

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे नागपुरात कार्यालय आहे. त्याने तीनमूर्तीच्या ग्रंथालयाशी करार करून अणे संग्रहाच्या संपूर्ण डिजिटल प्रती मागवाव्यात आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठालाही त्या द्याव्यात. ‘संपूर्ण’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण गौरवग्रंथासाठी पत्रे निवडताना अडचणीची पत्रे नेमकी बाजूला पडतात. त्याबरोबर विद्यापीठाच्या इतिहास विभागाने वारसांकडील पत्रांची नोंद घेण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे सोपवावे. मूळ कागद काढून न घेता जागेवरच छायाचित्रे घेतली, तर देणाऱ्यांची भीड चेपेल. जुन्या घरगुती कागदांत मोडीही निघेल, तेव्हा मोडी वाचणारा एक जाणकार सोबत असावा. खर्च एखाद्या पुतळ्याच्या चौथऱ्याहून अधिक येणार नाही.

आपला,
एक वाचक, यवतमाळ