बाबांच्या डोक्यावर हात धरणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात, मालकांनी वाचलं तर उगाच तुम्हाला बोलणी बसतील. पण लिहिल्याशिवाय राहवत पण नाहीये. तुमच्या दुकानातून ती सेकंड हँड वॅगनआर घेऊन सहा आठवडे झाले. परवा बाबांना गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात, फिजिओला नेऊन परत येत होतो, फर्मागुढीच्या चढावर बाबा आपणहून म्हणाले, "आज दमलो नाही गं." स्ट्रोकनंतर जीभ जड झालीय त्यांची, एवढं वाक्य बोलायला पण वेळ लागतो. घरी पोचल्यावर त्यांना आत बसवलं आणि मी परत गाडीत येऊन रडले, खरंच सांगते.

तुम्हाला सगळी गोष्ट माहीत नाही. तुमच्याकडे आले तेव्हा मी तुमच्याशी नीट बोलले नव्हते, आठवत असेल. "मला काही गोड गोड सांगू नका, मी एकदा फसलेय" हे माझं पहिलं वाक्य होतं. त्याचं कारण असं की त्याच्या आदल्या वर्षी मी एक गाडी घेतली होती दुसरीकडून. कुठून ते लिहीत नाही, त्यांचं त्यांना माहीत आहे. बाबांना कदंबा बसची पायरी चढवत नव्हती आणि आठवड्यातून दोनदा टॅक्सी करून माझा अर्धा पगार जात होता, म्हणून पोस्टातले पैसे मोडून २ लाख ८५ हजारांना घेतली. सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी, फक्त घर ते दवाखाना फिरलेली, असं सगळं सांगितलेलं. चकाचक पॉलिश, आत परफ्युमचा वास. आणि दर वाक्याला "मॅडम, मिस्टरांना घेऊन या ना एकदा", जसं काय मला गाडीतलं काही कळणारच नाही. मी एकटीच गेले, एकटीनंच घेतली.

पहिला पाऊस पडला आणि गाडीत कुबट वास सुटला. मग मधेच लाइट आपोआप लागायला लागले, काचा वर जाईनात, आणि एक दिवस बांबोळीच्या सिग्नलला गाडी बंद पडली, मागे बाबा, बाहेर धो धो पाऊस, पाठचे हॉर्न मारतायत. फोंड्याच्या मेकॅनिकनं सीट काढून मॅट उचललं तर खाली सुकलेला चिखल, बोटभर जाड. म्हणाला, ताई ही पुरात बुडालेली गाडी आहे, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर की २०२१ च्या जुलैचा आपला सत्तरी-डिचोलीचा, ते देव जाणे. ज्यांनी विकली त्यांच्याकडे गेले तर, "तुम्ही चेक करून घेतली होती ना?" एवढंच. तीन वेळा गेले, तिसऱ्या वेळी तर खुर्ची पण दिली नाही. शेवटी ९० हजारांना गेली, तीसुद्धा घेणाऱ्याला चिखल दाखवून. पैशांचं दुःख होतंच, पण आपल्यामुळे बाबा त्या पावसात अडकले हे माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून तुमच्याकडे आले तेव्हा तशी आले. बाबांना मुद्दाम बरोबर आणलेलं, बघू दे म्हटलं म्हाताऱ्या माणसासमोर किती खोटं बोलतात ते.

आणि तुम्ही किमतीचा विषयच काढला नाहीत. पहिला प्रश्न, "गाडीत बसणार कोण?" मी बाबांकडे बोट केलं. मी जी छोटी गाडी फोटोत बघून पसंत करून आले होते तिचं दार तुम्ही उघडलंत आणि म्हणालात, आधी त्यांना बसू दे, मग बोलू. बाबांचा उजवा पाय उचलत नाही, ते आधी पाठमोरे होतात, मग टेकतात, मग पाय आत घ्यावा लागतो आणि त्यात हमखास डोकं वर आपटतं. मी काठी सांभाळत होते. तेवढ्यात बघते तर तुम्ही दाराच्या वरच्या कडेवर आपला तळहात उलटा धरलेला, बाबांचं डोकं आणि पत्रा यांच्या मधे. डोकं लागलंच, पण तुमच्या हाताला लागलं. "सवकास, बाबा, सवकास." आणि मग खाली वाकून त्यांची चप्पल निसटली होती ती पायात सरकवलीत.

दादा, आम्हाला तुम्ही तोपर्यंत दहा मिनिटं पण ओळखत नव्हता. मी गाडी घेणार की नाही तेही माहीत नव्हतं. वर्षभरात बाबांना किती जणांनी गाडीत बसवलं असेल, टॅक्सीवाले, शेजारी, नातेवाईक, सगळे चांगलेच, पण वर हात धरायचं मला, त्यांच्या मुलीला, कधी सुचलं नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आईला शेवटची दोन वर्षं असंच बसवायचो.

मग तुम्ही सरळ सांगितलंत, ही नको, सीट खाली आहे, उठताना तुम्हाला त्यांना ओढावं लागेल, तुमची कंबर जाईल आणि त्यांचा खांदा. ती गाडी वॅगनआरपेक्षा महाग होती, तरी तुम्ही वॅगनआरकडे नेलंत, कारण तिची सीट बाबांच्या कमरेच्या उंचीला येते, ते नुसते टेकतात आणि वळतात. शेजारच्या लाल गाडीवर माझा डोळा होता तर हळूच म्हणालात, ही आधी रेंट-अ-कॅब होती, भाड्याने द्यायची, काळ्या प्लेटची, नंतर प्रायव्हेट केलीय, पर्यटकांनी किनाऱ्यावर वाळूत घातलेली असू शकते, खालून खारं पाणी लागलं की पत्रा आतून खातो. स्वतःच्याच दुकानातल्या गाडीबद्दल! आणि वॅगनआरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून माझ्या हातात दिलात. "वरचा भाग सगळे धुतात ताई, आत गुंडाळलेला कोणी धूत नाही. पुराची गाडी असली तर इथे मातीची रेघ दिसते." मी तो पट्टा बोटांनी चाचपून बघितला, स्वच्छ होता. हे एवढं मला वर्षभर आधी कोणी सांगितलं असतं तर.

इन्शुरन्सच्या वेळी पण तसंच. मी हिशेब करून आले होते की आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, ५० टक्के आहे म्हणजे प्रीमियम कमी येईल. तुम्ही म्हणालात, तो बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, तो त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला प्रीमियम पूर्ण भरावा लागेल, आताच सांगतो म्हणजे नंतर मला शिव्या घालू नका. आणि आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, माझ्या नावावर होईपर्यंत माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त घाई, कारण जुन्या मालकाच्या नावावर गाडी राहिली आणि काही अपघात झाला तर भरपाई त्या बिचाऱ्याच्या गळ्यात पडू शकते. बाकी कागदांचं काही लिहीत नाही, झालं सगळं वेळेत.

बाबा वॅगनआरमध्ये एसी लावून बसले होते आणि तुम्ही कागद भरत होता तेव्हा मी तुमच्या कामाबद्दल विचारलं होतं. सकाळी आठला येऊन आधी गाड्या पुसायच्या, उभ्या राहून बॅटरी उतरलेल्या असतात त्या चालू करायच्या, मग दिवसभर उन्हात. पगार बेताचा, गाडी विकली तर वर काहीतरी. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी आणि दसऱ्याला धावपळ, मधे पितृपक्षात पंधरा दिवस कोणी फिरकत नाही, पण टार्गेट तेवढंच. येणारा प्रत्येक माणूस चोर समजूनच बोलायला सुरुवात करतो. आणि गाडी विकायला येणारे चांगले चांगले लोक अपघात लपवतात, मीटर मागे करून आणतात, ते पकडलं नाही तर शेवटी नाव तुमचं खराब. हे तुम्ही तक्रार म्हणून सांगत नव्हता, मी विचारलं म्हणून सांगितलंत. मला मात्र फार लाज वाटली, कारण अर्ध्या तासापूर्वी मी पण तशीच बोलले होते. दुसऱ्या कोणीतरी केलेल्या पापाचा राग मी तुमच्यावर काढला आणि तुम्ही तो ऐकून घेतलात, उलट एक शब्द नाही. त्याबद्दल माफी मागायची राहिली होती, ती इथे मागते.

आमच्या वाड्यावर कोणी म्हणालं की सेकंड हँड गाडी विकणारे सगळे एकजात लबाड, तर मी आता गप्प बसत नाही. लबाड असतात, माझ्याइतकं कोणाला माहीत असणार. पण त्याच धंद्यात, त्याच टार्गेटखाली, एक माणूस महाग गाडी बाजूला ठेवून स्वस्त दाखवतो हे पण मी डोळ्यांनी बघितलंय. चांगुलपणा करायला त्याला कोणी सांगितलेलं नसतं, कोणी बघत पण नसतं. अशी माणसं बँकेत असतात, हॉस्पिटलात असतात, बसमध्ये तिकीट फाडणारी पण असतात, आणि आपण त्यांना धड थँक्यूसुद्धा म्हणत नाही.

आता मीच धरते हात दाराच्या कडेवर. पहिल्या दिवशी विसरले तर बाबा अर्धे वाकून थांबले आणि वर बघायला लागले, हात आला की नाही ते. आता आईला पण सवय झालीय, आणि माझा भाचा, सात वर्षांचा, त्याचा हात पोचत नाही तरी टाचा उंच करून धरतो.

मागचा डावा टायर बदलला, तुम्ही सांगितलेला तो. त्यावर २३१९ आकडा होता, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, तुम्ही शिकवलेलं तसं वाचून टायरवाल्याला मीच सांगितलं. चवथीला घरी या, वहिनींना आणि मुलांना घेऊन. आई नेवऱ्या (करंज्या) करणार आहे, तुमचा डबा वेगळा काढून ठेवतेय. बाबांनी तीनदा विचारलंय, "तो सवकास म्हणणारा येणार ना?"

देव बरें करूं, दादा.

तुमची,
वॅगनआरवाली ताई, फोंडा