'किरकोळ' मारहाण कसली?

महोदय,
नवऱ्याने बायकोचा हात मोडला तरी बातमीत 'घरगुती वादातून किरकोळ मारहाण' असे छापून येते, तेव्हा संताप होतो. वाद दोघांत होतो. मारहाण एकजण करतो, दुसरीला ती सोसावी लागते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तर शारीरिक छळाबरोबरच शिवीगाळ आणि आर्थिक कोंडी हाही हिंसाचारच मानला आहे. सोलापुरात दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी नवरा हिसकावून घेतो, तेही त्यातच येते; आपल्याकडे मात्र अजून त्याला 'घरचा मामला' म्हणतात. बातमीदारांनी 'किरकोळ' हा शब्द गाळावा आणि अशा प्रत्येक बातमीखाली महिला हेल्पलाइनचा १८१ क्रमांक छापावा, ही विनंती.
– एक वाचक, सोलापूर