टिकोलोच्या 96 धावा

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोललीस ते डोक्यातून जात नाहीये. "आई, मी 58 केल्या, बाकी सगळ्या मिळून 40. आम्ही दर वेळी हरणारच, तर माझ्या खेळण्याला अर्थ काय?" तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि तू फोन ठेवलास. म्हणून आज पत्र. मेसेजमध्ये एवढं मावणार नाही.

तुला स्टीव्ह टिकोलो हे नाव ठाऊक नसेल. केनियाचा बॅट्समन. मी त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिलंय, आपल्या स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर, 29 फेब्रुवारी 1996 ला. विश्वचषकाची मॅच, केनिया विरुद्ध वेस्ट इंडिज. मामाचा मित्र आयत्या वेळी गळाला, म्हणून त्याचं तिकीट मला मिळालं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही गेलो होतो, ते वेस्ट इंडिजच्या स्टार बॅट्समनला, लाराला बघायला. केनियाला बघायला कोण जाणार!

केनिया 166 मध्ये गुंडाळलं गेलं. त्यांच्याकडून सगळ्यात जास्त धावा एक्स्ट्राच्या, म्हणजे वाइड-नोबॉलसारख्या फुकटच्या होत्या, यावरून काय ते ओळख. त्याखालोखाल टिकोलो, 29. मामा म्हणाला, "चहापर्यंत संपेल." आणि मग लारा 8 वर गेला. रजब अलीचा बॉल, यष्टींमागे चष्मेवाल्या, गोलमटोल तारिक इक्बालने कॅच घेतला, आणि आख्खा स्टँड उभा! लाराला बघायला आलेली माणसं लारा आऊट झाला म्हणून नाचत होती. वेस्ट इंडिज 93 सर्वबाद. कॅप्टन ओडुम्बेने 15 धावांत तीन घेतल्या. घसा बसला होता, आजोबांनी घरी आल्यावर बोलणी घातली ती वेगळीच.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. आठवडाभरात कँडीला श्रीलंकेने त्याच केनियाला 398 मारल्या. तेव्हा तो वनडेतला विक्रम होता. आता तू सांग, 399 करायच्या आहेत, समोर जयसूर्या-डिसिल्वाची टीम, जिंकायची शक्यता शून्य. टिकोलोने 96 केल्या. त्या मॅचची गोष्ट कुणी काढली की 398 आठवतात, 96 कुणालाच नाही. मी मात्र तेव्हापासून पेपरात केनियाचा स्कोअर शोधायला लागले. आतल्या पानावर, कोपऱ्यात असायचा.

पुढच्याच वर्षी क्वालालंपूरला आयसीसी ट्रॉफीची, म्हणजे कसोटी न खेळणाऱ्या देशांच्या स्पर्धेची फायनल, बांगलादेशाशी. केनियाच्या 241, त्यातल्या त्याच्या एकट्याच्या 147. मग पाऊस. बांगलादेशापुढे 25 षटकांत 166 चं नवं लक्ष्य आलं आणि त्यांनी ते शेवटच्या बॉलवर गाठलं. तीन वर्षांत बांगलादेशाला कसोटीचा दर्जा मिळाला. केनियाला कधीच मिळाला नाही. टिकोलो पांढऱ्या कपड्यांत भरपूर खेळला, पण नावापुढे कसोटी एकही नाही. हे मला अजून खटकतं.

2003 चं माहीतच असेल, बाबा सारखं सांगतात. केनिया सेमीफायनलला! न्यूझीलंड सुरक्षेच्या कारणाने नैरोबीला गेलंच नाही, त्याचे गुण मिळाले, हे खरं. पण श्रीलंकेला त्यांनी मैदानात हरवलं होतं. प्रशिक्षक कोण, तर आपले संदीप पाटील. कॅप्टन टिकोलो. 20 मार्चला डर्बनमध्ये भारताविरुद्धच्या त्या सेमीफायनलला आपल्या गांगुलीने शतक ठोकलं, घरात पेढे, आणि मी टिकोलोच्या 56 धावा एकटीच मोजत बसलेले. "तू नक्की कुणाच्या बाजूने?" आजीने विचारलं होतं. उत्तर दिलं नाही.

त्यानंतर उतरणच. मंडळाची भांडणं, मानधनावरून संप, ओडुम्बेवर पाच वर्षांची बंदी, मोठ्या संघांनी मॅचेस देणं बंद केलं. टिकोलो खेळतच होता. मधल्या फळीत बॅटिंग, गरज पडेल तशी ऑफस्पिन. वनडेत नव्वदहून जास्त विकेटही आहेत त्याच्या. पाच विश्वचषक खेळला. शेवटचा 2011 ला, वय 39, आणि त्या स्पर्धेत केनिया सगळ्या मॅचेस हरलं. शेवटची मॅच कोलकात्याला, तीही 20 मार्चलाच. डर्बननंतर बरोबर आठ वर्षांनी. योगायोगच, पण मला त्या दिवशी भाजी चिरताना लक्षात आलं आणि सुरी खाली ठेवली. एवढ्यावरही थांबला नाही हा माणूस. 2013 ला बेचाळिसाव्या वर्षी परत बोलावल्यावर पॅड बांधून आला.

त्याला काय वाटत होतं, मला नाही माहीत. तुझ्यासारखं चिडून त्यानेही कुणाला फोन केला असेल. तू चिडू नकोस असं मी म्हणत नाही. तुमच्या फिल्डिंगबद्दल तू जे बोललीस ते ऐकून मीही चिडले. फक्त त्या 58 ला "अर्थ काय" म्हणालीस ना, ते मला पटलं नाही. त्या कशा केल्यास ते तू सांगितलंच नाहीस. पहिला चौकार कुठे मारलास? आऊट कशी झालीस?

ग्लोव्ह्ज कुरिअरने पाठवलेत, सोबत डिंकाचे लाडू आहेत, रूममेटला दे. मामा म्हणतो, पुण्याच्या त्या मॅचचं तिकीट अजून त्याच्याकडे आहे. खोटं आहे. ते माझ्या डब्यात आहे, तू आलीस की दाखवते.

रविवारी मॅच झाली की फोन कर. हरलात तरी.

तुझी,
आई