टाकीत काडी घालून बघितली का?

मा. श्री. राममोहन नायडू,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री

महोदय,
स.न.वि.वि.

नागपूरहून लिहितो आहे. माझी भाची विमान चालवायला शिकते, त्यामुळे आमच्याकडे हल्ली जेवतानाही टाकी, डिपस्टिक (टाकीतलं इंधन मोजायची काडी) आणि ‘अजून किती मिनिटं पुरेल’ हेच विषय असतात.

इंधन संपून विमान पडतं, हे ऐकून लोक हसतात. पण १५ नोव्हेंबर १९९३ ला इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३०० हैदराबादला उतरू न शकल्यानं मद्रासकडे परत फिरलं आणि इंधन संपून तिरुपतीजवळच्या शेतात उतरलं. सगळे वाचले. मोठ्या विमानाची ही गत, तर दोन-चार आसनी सेसनाचं काय! अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१७ मध्ये सांगितलं की तिथे छोट्या विमानांचे इंधनाशी संबंधित अपघात वर्षाला सरासरी पन्नासच्या वर होतात आणि त्यांतल्या ९५ टक्क्यांत वैमानिकाची चूक असते. त्यांत शिकाऊ वैमानिक जेमतेम दोन टक्के. जवळपास निम्मे व्यावसायिक परवान्याचे. म्हणजे धडा द्यायचा तो आधी मास्तरांना.

कारणं साधीच. इंधनाच्या काट्यावर विसंबायचं, टाकीत काडी घालून बघायचं नाही. समोरून वारा लागला तरी हिशेब जुनाच ठेवायचा. कधी एका पंखातली टाकी कोरडी, दुसरी भरलेली, आणि टाकी बदलायचा खटका फिरवायचा राहून गेला. सेसना-१७२ तासाला साधारण ३०-३५ लिटर पिते, पण इंधन-हवेचं मिश्रण नीट केलं नाही तर त्याहून जास्त.

आमच्याकडे यात उन्हाची भर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की हवा विरळ होते, विमान उचलायला जड जातं, आणि वजन कमी करायचं म्हटलं की पहिली नजर जाते टाकीवर. त्यात दुपारनंतर वावधान सुटलं किंवा सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर प्रवासी विमानांची रांग लागली, तर शिकाऊ विमानानं घिरट्या घालत बसायचं. वाचवलेले ते लिटर तेव्हा आठवतात. गोंदियाच्या बिरसीत प्रशिक्षण चालतं, अमरावतीच्या बेलोऱ्यात एअर इंडियानं प्रशिक्षण संस्था जाहीर केली आहे; विदर्भाच्या आकाशात शिकाऊ पोरं वाढणारच.

दिवसा तीस मिनिटांचं, रात्री पंचेचाळीस मिनिटांचं राखीव इंधन हा जगभर रुळलेला हिशेब आहे, त्यामुळे मी नवा नियम मागत नाही. मला हवं आहे ते वेगळं. राखीव इंधनाला हात लावून उतरलेल्या प्रत्येक छोट्या विमानाची नोंद व्हावी, आणि ती करणाऱ्याला, शिकाऊ असो की प्रशिक्षक, शिक्षा होऊ नये. अपघात झाला की विमान अपघात अन्वेषण ब्युरो येतोच. दहा मिनिटांचं इंधन उरवून जो गुपचूप उतरला, त्याचा पत्ता कुणाला लागतो? त्या नोंदींचा, संस्थांची नावं वगळून, वर्षाला एक तक्ता आपल्या खात्यानं जाहीर करावा.

आणि एक. ‘इंधन कमी वाटलं म्हणून मी परत फिरले’ असं म्हणणाऱ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात अपुऱ्या उड्डाणाचा शेरा पडू नये, असं परिपत्रक नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून निघावं. एका पानाचं पुरे.

आपला,
एक नागपूरकर