अंतराळात गुरुत्वाकर्षण असतेच!

महोदय,

अंतराळवीर तरंगताना दिसले की ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते’ असे सर्रास सांगितले जाते. मुलांनाही आपण तेच शिकवतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून जेमतेम ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असते. ही ओढ नसती तर स्थानक सरळ रेषेत केव्हाच दूर निघून गेले असते. ते ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पुढे जाते आणि त्याच वेळी पृथ्वीकडे पडतही असते. पण पृथ्वी गोल असल्याने खालची जमीनही तितकीच वळत जाते. म्हणून ते आदळत नाही, साधारण दीड तासात एक फेरी मारते. स्थानक, आतला माणूस, त्याच्या हातून सुटलेले पेन, सगळे सारखेच पडत असतात, म्हणून तरंगल्यासारखे दिसतात. इतकी सुंदर गोष्ट एका चुकीच्या वाक्याखाली दडून जावी, याचे फार वाईट वाटते.

चंद्राच्या ‘काळोख्या बाजू’चेही तेच. आपल्याला न दिसणाऱ्या त्या बाजूलाही सलग दोन आठवडे ऊन पडते. चीनचे चांगई-४ यान ३ जानेवारी २०१९ रोजी उजेडातच तिथे उतरले. आणि ‘अंतराळातूनही दिसते’ म्हणतात ती चीनची भिंत? अंतराळवीर यांग लिवेई यांनी २००३ मध्ये परतल्यावर ती दिसली नसल्याचे स्पष्ट सांगितले होते.

बालविभागात अशा समजुतींवर आकृत्यांसह लेख द्यावेत, ही विनंती. सुरुवात गुरुत्वाकर्षणापासूनच करावी.

– एक वाचक