बाबांना पत्र: इथली लायब्ररी आणि आपलं नागपूरच्या महालातलं वाचनालय

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

महिनाअखेरीस वाचनालयाच्या समितीची बैठक आहे, असं आई म्हणाली. इथल्या लायब्ररीला पैसा कुठून येतो, हे तुम्ही मागे विचारलं होतं. फोनवर बोलणं अर्धवट राहतं, म्हणून लिहूनच पाठवते.

इथे, अमेरिकेच्या ओहायो राज्यात, काही वाटा राज्य सरकार देतं आणि बराचसा घरपट्टीतून येतो. पण त्यासाठी लोकांचं मत घ्यावं लागतं. निवडणुकीच्या मतपत्रिकेवर उमेदवारांसोबत लायब्ररीचाही प्रश्न छापलेला असतो, एवढा कर द्याल का? हिशेब 'मिल'मध्ये चालतो, म्हणजे करपात्र किमतीच्या हजार डॉलरमागे एक डॉलर. करपात्र किंमत बाजारभावाच्या ३५ टक्के धरतात. म्हणजे लाख डॉलरच्या घराला एका मिलमागे वर्षाला ३५ डॉलर पडतात. इथल्या कोलंबस शहराच्या लोकांनी २०१० साली, मंदीच्या दिवसांत, २.८ मिलला होकार दिला होता! आपल्या महाराष्ट्राच्या १९६७च्या ग्रंथालय कायद्यात असा ग्रंथालय कर नाहीच, अनुदान आणि वर्गणीवरच सगळं. मद्रासच्या १९४८च्या कायद्यात मात्र तो होता.

लोक हो का म्हणतात, हे लायब्ररीत तासभर बसलं की कळतं. शाळा सुटली की पोरं गृहपाठाला येतात, कुणी नोकरीचा अर्ज भरत बसलेलं असतं. आणि हसू नका, मुलं तिथे कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवतात. तुमची नात शाळेत मोठ्याने वाचायला लाजते. तिथे मात्र गालिच्यावर मांडी घालून बसली, शेजारी एक जाडजूड पिवळा कुत्रा आडवा पडलेला. एका शब्दाला अडखळली, पण त्याने कान हलवला नाही की हिला टोकलं नाही. पूर्ण पुस्तक संपवलं बाईनं. असे कुत्रे शिकवून तयार केलेले असतात, मालक हौसेनं, फुकट घेऊन येतात.

उशीर झाला म्हणून दंड घेणं कोलंबसने २०१७च्या जानेवारीपासून बंद केलं. पुस्तक हरवलं तर किंमत भरावी लागते, ते ठीकच. आपल्याकडे दंडाच्या धाकाने पुस्तकही घरी राहतं आणि माणूसही परत फिरकत नाही. हे समितीत नक्की मांडा.

लायब्ररीच्या मित्रमंडळाची जुन्या पुस्तकांची विक्रीही असते. शेवटच्या दिवशी ठरावीक पैशांत पिशवीभर पुस्तकं, आणि तो पैसा मुलांच्या कार्यक्रमांना. आपल्या माळ्यावर दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत ना, त्यातल्या दुबार प्रती विकल्या तर लोक उड्या मारतील. तुम्हाला एकही अंक सोडवणार नाही, ते ठाऊक आहे.

माझा खरा आग्रह वेगळाच. उन्हाची लाट आली की इथल्या पुष्कळ लायब्रऱ्या कुणालाही थंडाव्याला बसू देतात. आपलं वाचनालय मे महिन्यात नेमकं दुपारी कुलूप लावून बसतं. पारा पंचेचाळीसच्या वर, आणि एमपीएससीची पोरं पत्र्याच्या खोलीत अभ्यास करून राहिली आहेत. दुपारी बारा ते चार अभ्यासिका उघडी ठेवा. दोन कुलर, खसच्या ताट्या आणि पाण्याचा माठ, एवढा खर्च मी पाठवते. दुपारी बसायला कोण, हा प्रश्न उरतो. कुळकर्णीकाका रिटायर झालेत ना? त्यांना विचारून पाहा, काकू तर खूषच होतील.

बैठकीत काय ठरलं ते कळवा. आईला नमस्कार.

तुमची,
मंजू