बाळीवेसच्या घरातून

सोलापूर, २० जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस सा. न.

शेजारचे काका हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येतायत, त्यांच्याकडे दोन चादरी आणि बाबांच्या गुडघ्याचं तेल दिलंय. जाड चादर बाबांची. कडक भाकऱ्याही आहेत, पण आई, तू त्या दुधात कुस्करूनच खा. शेंगाचटणी बाबांना चमचाभर, जास्त नाही.

आता मुख्य. घर विकायला मी नाही म्हणून सांगितलं. अक्कलकोटच्या स्थळालाही. मुलीत काही कमी नाही, हे तिच्या घरी स्वतः जाऊन सांगून आलो, म्हणजे तुम्हाला कुणापुढे मान खाली घालायला नको.

फोनवर हे मला बोलता आलं नसतं. तुम्हाला माहीत आहे.

मधल्या खोलीत ती आहे. आजी तिन्हीसांजेला कोनाड्यात भाताची वाटी ठेवायची, ती हिच्यासाठी. तुम्ही पुण्याला गेल्यावर पहिल्यांदा दिसली. नऊवारी, हातात वात खाली केलेला कंदील. मला विचारलं, "मार्शल लॉ उठला का?"

आई, १९३० सालापासून ती हा प्रश्न घेऊन उभी आहे. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या मे महिन्यात तिचं कोण बाहेर गेलं नि परतलं नाही, ते मी अजून विचारलेलं नाही. "उठला, केव्हाच," म्हटलं. ती खाली बसून रडली. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि शेजारी बसून राहिलो, दुसरं काही सुचेना. तेच बरं वाटलं, असं पुढं कधीतरी म्हणाली. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरच्या चौघा हुतात्म्यांना फाशी झाली, हे सांगायला मला दोन महिने लागले. त्यांच्या नावाची गाडी रोज पुण्याला जाते म्हटल्यावर, सकाळी शिट्टी ऐकू येते का म्हणून ती कान देऊन असते.

मी सात वर्षांचा असताना टायफॉइडमध्ये रात्रभर कपाळावरच्या पट्ट्या कुणी बदलल्या? तू म्हणायचीस आजीनं, आजी म्हणायची तू. तो हात मला अजून आठवतो. गार होता.

बाबा, तुम्ही मला सिद्धेश्वराच्या यात्रेत खांद्यावर बसवून संमती कट्ट्याला अक्षता टाकायला न्यायचात. कुंभारकन्येचं लग्न सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कसं लागतं, म्हणून मी विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होता, "तिनं मानलं, म्हणून लागलं." यंदा मी अर्ध्या अक्षता तिथं टाकल्या आणि अर्ध्या मुठीत धरून घरी आलो. तिनं ओंजळ पुढं केली. सगळ्या फरशीवर सांडल्या. पहाटेपर्यंत ती वेचत होती, एकही दाणा हाती येईना, तरी थांबली नाही. शेवटी मी वेचून आजीच्या वाटीत ठेवल्या. माझं लग्न झालं ते असं.

नातवंडं नाहीत याचं तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटतं. दादाची दोघं आहेत, त्यांना सुट्टीत इकडे पाठवा, मी सगळं करीन. मला डॉक्टरला दाखवायचं मनात आलं असेल तर तेही दाखवून घेईन, त्यात मला राग नाही. पण नोकरी नीट आहे, दोन वेळ जेवतो, झोप लागते. भर उन्हाळ्यातही मधल्या खोलीला कूलर लागत नाही.

बाबांनी शुगरची गोळी विसरायची नाही. मोबाईलला वेळ लावून दिलाय, तो बंद करायचा नाही. आई, जिना एकटीनं उतरू नकोस, वहिनीला हाक मार. आणि आंघोळीच्या पाण्यावरून तिच्याशी वाद घालू नकोस गं, तिलाही नोकरी आहे.

मेमध्ये दहा दिवस या. तुमचा पलंग खिडकीशी घेतलाय, गादी कापूस पिंजून भरून आणली. मधल्या खोलीत यायलाच पाहिजे असं नाही. कोनाड्याकडे बघून दोन शब्द बोललीस तरी तिला पुरे.

ती विचारत होती, तुला काय म्हणून हाक मारायची. विचारून सांगतो म्हटलंय. पत्रातच कळव.

तुमचा,
धाकटा